देव, धर्म आणि शंका: मराठवाड्यातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

व्याख्यान संपल्यावर "कुणाला काही विचारायचंय का?" म्हटलं की सभागृह चिडीचूप. प्रश्न येतात ते नंतर. चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर सोडायला आलेल्या पोराकडून, नाहीतर रात्री अकराला फोनवर, "सर, माझं नाव कुठं घेऊ नका" अशा सुरुवातीनं. तेच ते प्रश्न फिरून येतात म्हणून इथं एकत्र केले. भाषा शक्यतो विचारणाऱ्याची ठेवली आहे. उत्तरं माझी आहेत, ती पटलीच पाहिजेत असं नाही.

१. देवाबद्दल मनात शंका आली म्हणजे मी नास्तिक झालो का?

नाही. तुमचं अजून ठरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. कित्येकांचं आयुष्यभर ठरत नाही आणि त्यांचं काही अडतही नाही.

'नास्तिक' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात, म्हणून त्याचा जुना अर्थ सांगतो. भारतीय दर्शनांत वेद प्रमाण न मानणारा तो नास्तिक. त्या हिशेबानं जैन आणि बौद्ध नास्तिक ठरतात. उलट सांख्य आणि मीमांसा ही दर्शनं जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाहीत, तरी ती आस्तिकांच्या यादीत आहेत. म्हणजे देव आहे की नाही, यावरून भांडण फार नव्हतंच. भांडण होतं प्रमाण कशाला मानायचं यावर. ते आजही तिथंच आहे.

२. संतांनी तर भक्ती सांगितली. शंका घेणं हे शहरातून, इंग्रजी शिकलेल्यांकडून आलंय ना?

हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला जाऊन या. नामदेव गुरूच्या शोधात तिथं गेले, तर विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, मी म्हातारा, तूच माझे पाय जिथं देव नाही तिथं उचलून ठेव. नामदेव पाय जिथं ठेवतील तिथं पिंडी उगवायला लागली. गोष्ट घडली की नाही ते सोडा. ज्या क्षेत्री ज्योतिर्लिंग, त्याच क्षेत्राची ही गोष्ट कीर्तनात शेकडो वर्षं सांगितली जाते आणि समोर बसलेली भाविक मंडळी खुशीत माना डोलावतात, हे मला मोलाचं वाटतं.

तेरच्या गोरोबाकाकांचीही गोष्ट तशीच. मडकं भाजलंय की कच्चं हे बघायला कुंभार थापटणं मारतो, तसं त्यांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि देवाशी रोज बोलणाऱ्या नामदेवालाच कच्चं ठरवलं.

तेराव्या शतकात गोदाकाठानं हिंडणारे चक्रधरस्वामी त्याहून पुढे गेले. लीळाचरित्रात ते सांगतात की नाकातून शेंबूड येतो, कानातून मळ येतो, तसाच बाईचा विटाळ हा देहाचा धर्म आहे, त्याचा बाऊ कशाला. सातशे वर्षं झाली. आजही मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत त्या चार दिवसांत देवघराकडे फिरकू देत नाहीत, आणि विचारलं तर 'परंपरा' म्हणतात. चक्रधरांचं म्हणणं ही परंपरा नव्हे काय?

आणि पैठणचे नाथ. त्यांच्या भारुडातली बाई भवानीआईला रोडगा वाहायचा नवस बोलते, कशासाठी, तर सासू-सासऱ्यांसकट सासरची सगळी माणसं वाटेतून दूर व्हावीत म्हणून. नवसाची ही उघड टिंगल आपण नवरात्रात टाळ्या वाजवून म्हणतो.

पण एक इमान राखू या. या सगळ्यांनी सोवळं, जातीचा ताठा, नवसाचा व्यापार यांवर बोट ठेवलं, देवावर नाही. त्यांना आजच्या अर्थानं नास्तिक म्हणून मिरवणं ही लबाडी होईल. एवढं मात्र खरं, की प्रश्न विचारायला त्यांना इंग्रजी शिकावं लागलं नव्हतं.

३. धर्म एकच आहे तर लातूरला येळवस केवढी मोठी, आणि नाशिकच्या माझ्या बायकोला तिचं नावही माहीत नाही. असं कसं?

कारण येळवस पोथीतून आलेली नाही, शेतातून आलेली आहे. मार्गशीर्ष अमावास्येला, रब्बीची ज्वारी उभी असताना, लातूर-धाराशिवकडचा माणूस शेतात कडब्याची कोप (खोपटी) करतो, तिच्यात पांडव म्हणून दगड मांडतो, भज्जी-आंबील-उंड्यांचा नैवेद्य दाखवतो. हाळी देतात तीसुद्धा कानडी वळणाची. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडे हाच सण आहे. म्हणजे भाषेची सीमा आणि सणाची सीमा वेगळी. ज्याला शेत आहे त्याचा हा सण, आणि ज्याला नाही त्याला हक्कानं बोलावतात. जातधर्म त्यात आड येत नाही.

लिंगायतांचंही बघा. बसवेश्वर बाराव्या शतकातले, वचनं कन्नडमध्ये. तोच पंथ मांजरा नदीच्या अलीकडे आला आणि बीड जिल्ह्यात कपिलधारच्या मन्मथस्वामींनी शिवभक्ती मराठी अभंगात सांगितली. टाळ, वीणा, दिंडी सगळं वारकऱ्यांसारखं, फक्त मुखी नाव शिवाचं. कोणी ठरवून केलं नाही. भक्ती करायची तर कशी गायची, याचं या भागातलं ठरलेलं वळण होतं, ते त्यांनी घेतलं.

४. आमच्या घरात दर तीन वर्षांनी पिराला कंदुरी (बोकडाचा नैवेद्य) असते. आम्ही मराठा. आता गावातली काही पोरं म्हणतात हे बंद करा, हे आपलं नाही. मुसलमानांतलेही काही म्हणतात हे इस्लाममध्ये बसत नाही. मग हे आहे तरी कुणाचं?

तुमच्या गावाचं.

चौदाव्या शतकात तुघलकानं राजधानी देवगिरीला आणली तेव्हा दिल्लीहून चिश्ती सूफीही इकडे आले. त्यातले बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ साली वारले, त्यांचा दर्गा खुलताबादला आहे. या मंडळींचं तत्त्वज्ञान फारसीत होतं, ते जात्यावर दळणाऱ्या बाईला कळणार कसं? मग पुढच्या काळात दख्खनमध्ये दखनी बोलीत जात्यावरची गाणी झाली, खुंटा-पाळीची उपमा घेऊन अल्लाचं नाव घेणारी. ओवी म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना ती परकी वाटली नसावीत. हळूहळू गावच्या उरुसात संदल निघाला की मान पाटलाचा, गलेफ (कबरीवरची चादर) चढवायला सगळं गाव, मोहरममध्ये सवारी धरणारा आणि फकिरी घेणारा हिंदू, आणि देवीच्या बोकडावर सुरी चालवायला मुलाणी, अशी वाटणी बसून गेली. श्रद्धेइतकाच तो गावगाड्यातल्या कामाचा हिशेब होता.

दोन्हीकडच्या शुद्धीवाल्यांचं म्हणणं एका अर्थी बरोबरच आहे: हे दोघांच्याही ग्रंथात नाही. पण ग्रंथात नाही म्हणून काढायचं ठरवलं तर येळवसही काढावी लागेल (प्रश्न ३).

माझं वैयक्तिक मत विचाराल तर, कर्ज काढून बोकड कापत असाल तर कंदुरी बंद करा. पीर परका आहे म्हणून बंद करत असाल तर आधी आजीला विचारा की तिनं तो कशासाठी धरला होता.

५. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात दिव्यांची आरती होते. अमृतसरला जाऊन आलेला मित्र म्हणतो तिकडे असं नाही. मग खरी शीख पद्धत कोणती?

दोन्हीकडे शीखच आहेत. गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली नांदेडला देह ठेवून गेले. हजूर साहिबला, म्हणजे नांदेडच्या त्या गुरुद्वाऱ्यात, आजही गोदावरीचं पाणी गागरीतून आणतात, शस्त्रांचं दर्शन होतं, गुरू ग्रंथ साहिबच्या जोडीनं दसम ग्रंथही विराजमान असतो आणि दिवे ओवाळून आरती होते.

पंजाबात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिंग सभा चळवळ आणि १९२० च्या दशकात गुरुद्वारा सुधारणेचा लढा झाला. जे जे हिंदू वळणाचं वाटलं ते वगळलं गेलं, आणि १९४५ च्या रहत मर्यादेत (शिखांच्या आचारसंहितेत) दिव्यांची आरती गुरुमताला धरून नाही असं ठरलं. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात, पंजाबपासून दूर, त्यामुळे जुनं तसंच राहिलं. पुढे १९५६ साली इथल्या गुरुद्वाऱ्यासाठी वेगळा कायदाही झाला.

यातलं जुनं ते खरं की सुधारलेलं ते खरं? जुनं म्हणाल तर नांदेडचं पारडं जड, सुधारणा म्हणाल तर अमृतसरचं. आणि जाता जाता: त्याच गुरू ग्रंथ साहिबमध्ये आपल्या नरसीच्या नामदेवांची ६१ पदं आहेत. शिंप्याच्या पोराचे शब्द पंजाबात गुरुवाणी झाले.

६. खरं वैजनाथ परळीचं की झारखंडमधल्या देवघरचं?

बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्राच्या एका पाठात 'परल्यां वैद्यनाथं च' आहे, दुसऱ्यात 'चिताभूमौ'. दोन्हीकडचे लोक आपापला पाठ दाखवतात. औंढ्याच्या नागनाथाचंही तेच. गुजरातेत द्वारकेजवळ आणि उत्तराखंडात जागेश्वरलाही नागेश आहे. प्रत्येक प्रांताला आपल्या पायी पोचण्याच्या अंतरावर देव हवा होता. यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

७. वेरूळला आधी बौद्ध लेणी, मग हिंदू, मग जैन. म्हणजे एकानं दुसऱ्याचं बळकावलं का?

वेरुळात तरी तसा सरळ हिशेब नाही. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन, हे आकडे डोंगरातल्या ओळीचे आहेत, काळाच्या क्रमाचे नाहीत. काही हिंदू लेणी बौद्ध लेण्यांच्या आधीची किंवा बरोबरीची मानली जातात.

तिथल्या दहाव्या लेण्यात थांबा. दगडी छताला लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्यात. ते पाहून सुतार मंडळींनी आतल्या बुद्धाला विश्वकर्मा मानलं आणि पुजलं, म्हणून त्याचं नाव 'सुताराची झोपडी'. मूर्ती तीच, देव बदलला, कारण बघणाऱ्याला तिथं आपलं काम दिसलं. यात बळजबरी नव्हती.

सगळीकडे असंच झालं असंही म्हणू नका. तेरचं विटांचं त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असावं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. तिथला बदल कसा झाला, भांडून की ओस पडल्यावर, हे विटा सांगत नाहीत. आणि 'आधी कुणाचं होतं' हे आज भांडण लावायला कुणी विचारत असेल, तर त्याला इतिहासात रस नसतो, सातबाऱ्यात असतो.

८. आम्ही बौद्ध आहोत. आजी अजून आखाडात गुपचूप मरीआईला नारळ ठेवते. वडील चिडतात. बावीस प्रतिज्ञांचं काय?

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा नातू किंवा नात असते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञा मोघम नाहीत. ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती मानणार नाही; बुद्ध हा विष्णूचा अवतार हे मानणार नाही. ही शंका घेण्याच्या पुढची पायरी होती. ज्या व्यवस्थेत देवळाबाहेर उभं राहावं लागत होतं तिचे देवच लोकांनी नाकारले, आणि देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. त्यामुळे तुमच्या वडिलांचा राग मला समजतो. त्यांना नारळात नारळ दिसत नाही, गावकुसाबाहेरचं जुनं घर दिसतं.

पण मरीआई आणि राम यांत फरक आहे. मरीआईचं ठाणं बहुतेक गावांत वस्तीजवळच, तिचा पोतराज तुमच्यातलाच. आजीला ती कुणी वरून लादलेली वाटत नाही. पटकीच्या साथीत लेकरं वाचवायला तिला दुसरं कुणी नव्हतं. प्रतिज्ञेच्या दृष्टीनं आजी चुकते, यात शंका नाही. पण तिच्याशी बोलताना 'अडाणी' हा शब्द वापरू नका.

नव्या धम्मानंही इथलं काही ठेवलंच की. लग्न त्रिशरण-पंचशीलानं लागतं, पण हळद आदल्या दिवशी लागतेच. भीमगीतांची चाल भजनाची आणि कव्वालीची. कोणताही धर्म कोऱ्या पाटीवर उतरत नाही. कुठलं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं हे समाजात अजून चालू आहे, आणि ते घरातल्यांनीच ठरवायचं. माझ्यासारख्या बाहेरच्यानं तिथं फार शहाणपण शिकवू नये.

९. सगळं माणसांनीच घडवलंय तर धर्म खोटाच ना?

भाषाही माणसांनी घडवली. तिला खोटी म्हणत नाही.

मात्र या उत्तरावर खूश होऊन थांबू नका, कारण धर्म जगाबद्दल काही दावेही करतो आणि ते तपासता येतात. देवीचा रोग देवीच्या कोपानं होतो हा दावा होता. लस आली, जगभर मोहीम झाली, १९८० साली रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. दावा गेला. शितळादेवी मात्र राहिली. आता कांजिण्या-गोवराला तिच्याकडे जातात. प्रथा कशी तग धरते हे बघायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. देवळात जा, पण लेकराला लस टोचून मग जा.

१०. किल्लारीला लोक गणपती विसर्जन करून झोपले आणि पहाटे मेले. देव होता तर तेव्हा कुठं होता?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. लातूर आणि धाराशिवच्या गावांत हजारो माणसं गेली.

देव कुठं होता याचं उत्तर माझ्याकडे नाही. परीक्षा, लीला, प्रारब्ध अशी उत्तरं लोक देतात. ज्यांना त्यानं झोप लागते त्यांची झोप मी मोडत नाही. पण ज्याचं लेकरू दगडाखाली गेलं त्याला 'गेल्या जन्मीचं पाप' समजावणाऱ्याला मी घरात घेणार नाही.

माणसं मेली कशानं याचं उत्तर मात्र आहे. घरं मातीत रचलेल्या बिनघडीव दगडांची, भिंती दोन-दोन हात जाड आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. हा प्रश्न विचारला गेला म्हणून पुढची घरं बदलली. पुनर्वसनाच्या गावांत मंदिरंही पुन्हा उभी राहिली, त्याच माणसांनी बांधली.

११. नवस बोलले आणि मुलगा पास झाला. हे कसं नाकारता?

मुलगा पास झाला हे नाकारत नाही. त्याच देवळात नवस बोललेल्या नापास मुलांच्या आया पुन्हा पेढे घेऊन येत नाहीत, म्हणून त्या मोजल्या जात नाहीत. बाकी नाथांचं भारुड आहेच (प्रश्न २).

१२. तुम्ही फक्त आमच्याच धर्माला का बोलता? त्यांना विचारायची हिंमत आहे का?

नाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला त्यात दोघं एकमेकांच्या धर्माची सालं काढतात आणि शेवटी गळ्यात पडतात. दोघांनाही बोलायची सारखी संधी होती म्हणून तो संवाद झाला. गावात ज्यांची दोन घरं आहेत त्यांच्या दारात दोनशे जणांनी जाऊन विचारलेल्या प्रश्नाला मी शंका म्हणत नाही.

मला स्वतःला आधी घरातलं विचारायला आवडतं, कारण तिथं मी काही बदलू शकतो. मुस्लिम समाजात तलाकपासून दर्ग्यापर्यंत प्रश्न विचारणारे मुस्लिम लोक आहेत. त्यांना तुमच्या आरडाओरड्याचा त्रासच होतो.

१३. माझं लग्न ठरलंय. जागरण-गोंधळ नको म्हटलं तर आई रडते. काय करू?

गोंधळ्याचं संबळ ऐकून तुमचं काय बिघडणार आहे? पैशाचा, दारूचा किंवा बळीचा प्रश्न असेल तर तेवढ्याला ठाम नाही म्हणा. आईशी भांडायला याहून मोठी कारणं पुढे येतील, हुंड्यावर ठाम राहायचं असेल तर ताकद राखून ठेवा.

१४. कागदावर 'धर्म नाही' लिहिता येतं का?

संविधानाच्या कलम २५ मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, त्यात न मानणंही येतं. कोणालाही धर्म सांगायची सक्ती करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये म्हटलं. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २९ लाख लोकांनी धर्म नोंदवलेला नाही.

एक अवघड अपवाद आहे. अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. शीख १९५६ पासून, बौद्ध १९९० पासून. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट नाही. तेव्हा दाखल्यावर काही बदलण्याआधी जाणत्या वकिलाला भेटा. आवेशात अर्ज करून शिष्यवृत्ती अडकलेली पोरं मी पाहिली आहेत.

१५. जादूटोणाविरोधी कायद्यानं वारी, नवस, कीर्तन बंद होणार होतं ना?

नाही. २०१३ च्या कायद्यात वारी, प्रदक्षिणा, पूजा, भजन, कीर्तन, प्रवचन यांना हात लावलेला नाही. अंगातलं भूत काढतो म्हणून मारहाण करणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं, अशा गोष्टी गुन्हा आहेत. पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्यानं यातला सापाचा भाग तरी पाठ करून ठेवावा. आणि तुम्ही प्रश्न विचारता म्हणून जातपंचायतीनं वाळीत टाकलं, तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा वेगळा कायदा आहे.

१६. वडील सांगून गेले होते, माझं काही करू नका. आता भावकी म्हणते दहावा झालाच पाहिजे. मी एकटा मुलगा.

वडिलांचं वागणं त्यांच्या शब्दाशी जुळणारं असेल तर त्यांचा शब्द पाळा. पण दिवस मोकळा सोडू नका, भावकीला कुठं तरी जमायचं असतं. कुणी झाडं लावतं, कुणी शाळेला पुस्तकं देतं, कुणी साधं पिठलं-भाकरीचं जेवण करून वडिलांच्या आठवणी सांगतं. आईला पिंड हवाच असेल तर मात्र माझ्या मते आईचं ऐका. गेलेल्या माणसाला त्यानं फरक पडत नाही हे तुम्हीच मानता ना?

याला जोडून येणारा प्रश्न म्हणजे पिंडाला कावळा शिवला नाही तर. घाटावर तासन्‌तास ताटकळलेली, "अण्णा, पोरीचं लग्न आम्ही करू, शिवा आता" म्हणून पिंडापुढे हात जोडणारी माणसं मी पाहिली आहेत. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करतात, तो पिंडाला लावतात आणि सगळे जेवायला जातात.